मागच्या डावाचं संचित

विषय जाहीर झाल्यावर काही मंडळींनी विचारलं की तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या माणसानं संगणकावरच्या खेळांवर काय बोलायचं? प्रश्न रास्त आहे. आमचं उत्तर असं, की आपल्या दर्शनांनी दोन हजार वर्षं ज्या प्रश्नावर डोकं खपवलं, तोच प्रश्न गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत खेळ बनवणाऱ्यांच्या टेबलावर येऊन पडला. त्यांना मोक्ष नको होता, खेळाचा पुढचा भाग विकायचा होता. पण प्रश्न तोच: एका डावात केलेलं कर्म डाव संपल्यावर जातं कुठे, आणि दुसऱ्या डावात ते कुणाच्या खात्यावर, कसं उगवतं?

आधी ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी दोन शब्द. रोल-प्लेइंग गेम, मुलांच्या भाषेत आरपीजी, म्हणजे असा खेळ की ज्यात तुम्ही एक पात्र होऊन वावरता. कुणाला वाचवायचं, कुणाशी खोटं बोलायचं, कुणाला सोडून द्यायचं, हे तुम्ही ठरवता. आपल्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्री नाटक होतं, दंडार होते. तिथं प्रेक्षक कितीही ओरडला तरी खलनायक आपलं काम करूनच जातो. या खेळांत प्रेक्षकाच्या हातात सूत्र दिलेलं असतं. आणि काही मालिकांत पहिल्या भागात केलेली निवड दुसऱ्या भागात, तिसऱ्या भागात पुढे येते. हे कसं सुरू झालं, त्यात काय अडचणी आल्या आणि त्यातून आपण काय शिकायचं, एवढाच आजचा विषय.

सुरुवात घरातून करू. मोक्षपट आपल्याला ठाऊक आहे. परंपरा तो ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगते. आज पाहायला मिळणारे पट मात्र बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले आहेत, त्यामुळे परंपरा आणि पुरावा यांतलं अंतर लक्षात ठेवून बोलावं. त्यात घरं म्हणजे गुण-दुर्गुण, शिड्या म्हणजे सत्कर्म, साप म्हणजे दुष्कर्म. सापाच्या तोंडी गेलं की खाली, पुन्हा फेरा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात गेला, त्यातलं तत्त्वज्ञान गळालं आणि सापशिडी उरली.

आता गंमत बघा. हा पट सगळा कर्मावर उभा, पण खेळणाऱ्याला त्यात निवडच नाही! कवड्या पडतील तेवढी घरं चालायचं. कोणी अहंकाराच्या घरात गेला तर तो अहंकारी म्हणून नव्हे, दान तसं पडलं म्हणून. आणि दुसरी गोष्ट, डाव संपला की सगळं पुसलं. उद्याचा डाव पुन्हा पहिल्या घरातून. काल जिंकलेल्याला आज एक शिडी जास्त मिळत नाही. जन्माजन्मांचा हिशेब शिकवणारा खेळ स्वतः मात्र रोज कोऱ्या पाटीनं सुरू होतो. म्हणजे दोन गोष्टी कमी पडत होत्या: निवड आणि नोंद.

नोंद आली ती संगणकामुळे. १९८१ साली अमेरिकेत अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड या दोघांचा ‘विझर्ड्री’ नावाचा खेळ ॲपल टू या संगणकावर आला. त्यात सहा जणांची टोळी घेऊन भुयारात उतरायचं. टोळीची माहिती फ्लॉपी चकतीवर राहायची. १९८२ मध्ये दुसरा भाग आला आणि तो खेळायला पहिल्या भागातलीच पात्रं लागत. चकती घालायची, जुनी माणसं उचलून नव्या भुयारात आणायची. आमच्या दृष्टीनं खरी मौज तिसऱ्या भागात आहे. १९८३ च्या त्या भागात जुनी पात्रं जशीच्या तशी येत नाहीत, त्यांचे वंशज येतात. पूर्वजांचा वारसा घेऊन, पण ताकदीत पहिल्या पायरीवरून. कारण व्यवहारी होतं: आधीच बलाढ्य झालेली टोळी आली तर नव्या खेळात आव्हान काय राहणार? पण त्या व्यवहारी अडचणीतून त्यांनी पुनर्जन्म नव्हे, तर कुळ शोधून काढलं. हा फरक लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला तो लागणार आहे.

पुढचा टप्पा रिचर्ड गॅरियट यांच्या ‘अल्टिमा’ मालिकेचा. १९८५ च्या चौथ्या भागात राक्षस मारून जिंकायचं नव्हतं. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, मान, अध्यात्म, नम्रता अशा आठ गुणांत पूर्णत्व मिळवायचं आणि ‘अवतार’ व्हायचं. हो, शब्द आपलाच, अर्थ मात्र उलटा. आपल्याकडे देव खाली उतरतो तो अवतार, त्यांच्याकडे माणूस वर चढतो तो. या खेळात एक आंधळी विक्रेती आहे. तिला पैसे किती दिले हे तिला दिसत नाही. कमी देता येतात. कोणी ओरडत नाही, शिपाई धावत नाही. पण यंत्र आतल्या आत प्रामाणिकपणा वजा करून ठेवतं. १९८८ च्या पाचव्या भागात हे पात्र नेता येत असे आणि तिथली कथा अशी की ते आठ गुण आता राज्यकर्त्यानं कायदा करून, दंडुक्याच्या जोरावर लादलेले आहेत. सद्गुणाची सक्ती झाली की जुलूम कसा होतो, हे चौथ्या भागातल्या साधकाला पाचव्या भागात पाहावं लागतं.

तरीही ‘विझर्ड्री’, ‘अल्टिमा’, मग १९८८-८९ ची ‘पूल ऑफ रेडियन्स’ आणि ‘कर्स ऑफ द अझूर बाँड्स’ ही जोडी, कोल दांपत्याची ‘क्वेस्ट फॉर ग्लोरी’, आणि १९९८ व २००० सालचे ‘बाल्डर्स गेट’चे दोन भाग, या सगळ्यांत पुढे जात होतं ते मुख्यतः पात्राचं बळ. शक्ती, कौशल्य, फार तर एखादी तलवार. म्हणजे मिळवलेलं पुढे येई, केलेलं फारसं येत नसे. तुम्ही गावाला वाचवलं की जाळलं, हे पुढच्या गावाला ठाऊक नसे. कमाई आणि कर्म यांतला हा फरक मोठा आहे.

हे पुढे नेण्याचे मार्गही मोठे मजेशीर होते. जपानी ‘गोल्डन सन’ या खेळाचा दुसरा भाग २००२ मध्ये आला. दोन यंत्रं जोडायची सोय नसेल तर पहिल्या भागाच्या शेवटी पडद्यावर सांकेतिक अक्षरं उमटत. सगळं न्यायचं असेल तर ती अडीचशेच्या वर अक्षरं कागदावर हातानं उतरवून दुसऱ्या भागात भरावी लागत. एक अक्षर चुकलं की सगळी मेहनत वाया. जुन्या पोथीच्या लेखनिकाला ही भीती चांगली कळली असती.

मग २००७ साली कॅनडातल्या बायोवेअर या कंपनीचा ‘मास इफेक्ट’ आला. तीन भागांची एकच कथा, आणि केलेल्या निवडी शेवटपर्यंत येतील असं आश्वासन. दुसरा भाग २०१० मध्ये, तिसरा २०१२ मध्ये. पाच वर्षांचा पल्ला. एक उदाहरण घेऊ. रेक्स नावाचा एक योद्धा नायकाचा साथी आहे. त्याच्या जमातीवर वंध्यत्वाचा रोग लादलेला आहे. पहिल्या भागात शत्रूच्या तळावर त्या रोगावरचा इलाज असल्याचं त्याला कळतं आणि नायक तर तो तळ उडवायला निघालेला. दोघं बंदुका रोखून उभे राहतात. खेळणारा त्याला समजावू शकतो, नाहीतर रेक्स तिथंच मारला जातो. तीन वर्षांनी दुसरा भाग लावला, तर वाचलेला रेक्स आपल्या जमातीचा शहाणा नेता झालेला असतो. मेला असेल तर त्या जागी त्याचा आक्रस्ताळा भाऊ रीव्ह बसलेला असतो. आणि तिसऱ्या भागात त्या जमातीला इलाज द्यायचा का, हा प्रश्न येतो. रेक्ससारख्याच्या हाती ती ताकद देणं वेगळं, रीव्हच्या हाती देणं वेगळं. पाच वर्षांपूर्वी रागाच्या भरात दाबलेलं एक बटण आता एका जमातीच्या भवितव्याच्या आड येतं.

हे होतं कसं? फाइलमध्ये कथा साठवलेली नसते, साठवलेली असतात फक्त उत्तरं. रेक्स जिवंत: हो की नाही. अमुक साथी वाचला: हो की नाही. कृती संपलेली असते, प्रसंग विरलेला असतो, उरते एक छोटी खूण, आणि ती योग्य वेळ आली की फळ देते.

आता मीमांसकांकडे या. यज्ञ आज झाला, आहुती जळून गेली, स्वर्ग मात्र मेल्यानंतर. मधल्या काळात कारण नाही आणि कार्यही नाही, मग कार्य घडतं कशामुळे? शबरस्वामींनी, पुढे कुमारिल भट्टांनी उत्तर दिलं: ‘अपूर्व’. कर्मातून एक अदृश्य सामर्थ्य निर्माण होतं आणि फळापर्यंत टिकून राहतं. विद्यार्थ्यांना हे समजावताना पूर्वी फार कष्ट पडत. आता ‘सेव्ह फाइल’ म्हटलं की पोरं मान डोलावतात! वेदान्ताची त्रयीही इथं बसते. कोठीत साठलेलं धान ते संचित, ताटात वाढलेला भात ते प्रारब्ध, आणि आज बांधीत रोवणी करतो ते क्रियमाण. फाइल हे संचित, नव्या भागात समोर आलेली परिस्थिती हे प्रारब्ध, आणि आता हातात असलेली निवड हे क्रियमाण.

पण हिशेब ठेवणाऱ्याची अडचणही समजून घेतली पाहिजे. प्रत्येक निवडीला दोनच वाटा धरल्या तरी दहा निवडींची १,०२४ जगं होतात. वीस निवडींची दहा लाखांहून अधिक. प्रत्येकासाठी वेगळी कथा लिहायला माणसं नाहीत, पैसा नाही, वेळ नाही. चित्रगुप्ताला हा प्रश्न पडला नसावा, कंपनीला पडतो. म्हणून मग युक्त्या: मेलेल्याच्या जागी भाऊ बसवायचा, मोठा परिणाम एखाद्या पत्रात उरकायचा, वाटा थोड्या फाकवून पुन्हा एकत्र आणायच्या. याच मालिकेत पहिल्या भागात एका जमातीची शेवटची राणी मारायची की सोडायची, असा जीवघेणा निर्णय आहे. मारली, तरी तिसऱ्या भागात ती जमात कृत्रिम रीतीनं पुन्हा समोर येतेच. मग निवडीला अर्थ काय राहिला, असं खेळणाऱ्यांना वाटलं तर दोष कुणाचा?

हा राग २०१२ मध्ये उफाळून आला. तिसऱ्या भागाचा शेवट मोजक्या पर्यायांवर आणून ठेवलेला होता आणि ते पर्याय दिसायलाही सारखे. पाच वर्षांचं संचित त्या शेवटात कुठे दिसेना. जगभरातून एवढी ओरड झाली की कंपनीनं त्याच वर्षी जून महिन्यात वाढवलेला शेवट फुकट दिला. लोकांनी याला पोरखेळ म्हटलं. आम्हाला तसं वाटत नाही. त्या लोकांची मागणी सुखान्त शेवटाची नव्हती, निदान सगळ्यांची नव्हती. त्यांचं म्हणणं एवढंच की आम्ही जे केलं त्यानं काही फरक पडला, हे दाखवा. माणसाची ही फार जुनी मागणी आहे.

आता दुसरी अडचण, आणि आमच्या मते खरा पेच. जो पहिला भाग खेळलाच नाही, त्याचं काय? त्याच्याजवळ फाइल नाही. पण जग तर कोरं असू शकत नाही. रेक्स एकतर जिवंत असेल, नाहीतर मेलेला. निरनिराळ्या मंडळींनी निरनिराळी उत्तरं दिली. ‘मास इफेक्ट’च्या दुसऱ्या भागात फाइल नसेल तर कंपनीनं ठरवलेलं जग मिळे आणि त्यात रेक्स मेलेला असे. नव्या खेळाडूनं कुणावर गोळी झाडली नाही, तरी त्याच्या जगात तो मेलेलाच. पुढे प्लेस्टेशनवाल्यांसाठी २०११ मध्ये एक चित्रकथा जोडली, तिच्यात मोजके निर्णय घेता येत. याच कंपनीच्या ‘ड्रॅगन एज’ मालिकेसाठी २०१४ मध्ये एक स्वतंत्र संकेतस्थळच काढलं. तिथं बसून मागच्या भागांतले शेकडो निर्णय हवे तसे मांडायचे. म्हणजे भूतकाळ जगायचा नाही, भरायचा, एखाद्या अर्जासारखा. आणि २०२४ च्या भागात तर मागचे फक्त तीन निर्णय विचारात घेतले.

पोलंडच्या ‘विचर’ या खेळानं २०१५ मध्ये आणखी वेगळी वाट काढली. राजवाड्यात नायकाची दाढी होत असताना एक सेनापती त्याला मागच्या घटनांबद्दल विचारतो. तुम्ही जे सांगाल ते घडलेलं! भूतकाळ हा साक्षीवर ठरतो, नोंदीवर नाही. आणि ‘एल्डर स्क्रोल्स’वाल्यांनी कमाल केली. १९९६ च्या भागाला परस्परविरोधी अनेक शेवट होते. २००२ चा भाग करताना त्यांनी जाहीर केलं की ते सगळेच एकाच वेळी घडले. स्याद्वादी आचार्यांनाही जरा विचार करावा लागला असता.

आता मुद्द्यावर येऊ. फाइल नसलेला खेळाडू म्हणजे कोण? प्रत्येक नवजात मूल. त्याला जे जग मिळतं ते आधीच कुणीतरी भरलेलं असतं. कुणाच्या घरात किती बांध्या, कुणाच्या नावावर किती कर्ज, कुणी कुठल्या विहिरीवर जायचं. प्रश्न असा की त्या मुलाला आपण काय सांगतो? आपल्या परंपरेनं अनेकदा सांगितलं की बाळा, ही फाइल तुझीच आहे. मागच्या डावात तूच खेळला होतास, तुला आठवत नाही एवढंच.

इथं थांबून तपासलं पाहिजे. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञानं सतराव्या शतकाच्या अखेरीस मांडलं की जिथवर जाणीव आणि स्मृती पोचते तिथवरच ‘मी’ आणि तिथवरच जबाबदारी. खेळात ही अट पाळलेली असते. पात्र बदललं तरी पडद्यासमोरच्या खेळाडूला आठवतं की ती गोळी आपण झाडली होती. म्हणून त्याला झालेला पश्चात्ताप खरा असतो. पुनर्जन्माच्या हिशेबात तो आठवणाराच गायब आहे. शिक्षा आहे, पण गुन्हा माहीत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या सिद्धान्ताच्या वर्मावर बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं आमच्या शब्दांत असं: गरिबाची, दलिताची स्थिती त्याच्या मागच्या जन्मीच्या कर्मानं ठरली असं एकदा मानलं की राज्य आणि समाज दोघेही जबाबदारीतून सुटतात. खेळाच्या भाषेत सांगायचं तर जग कंपनीनं भरलं आणि बिल नव्या खेळाडूच्या नावावर फाडलं. ही काही पुस्तकी बाब नाही. बापाचं कर्ज फेडायला मुलानं मालकाकडे राबायचं, ही रीत या देशात होती. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यानं वारशानं येणारं असं बंधनही वेठबिगारीच ठरवलं आणि ती कर्जं रद्द केली. कायद्यानं त्या दिवशी सांगितलं, ही फाइल या मुलाची नव्हे.

मग मागचं काहीच पुढे येऊ नये का? सगळं पुसून मोक्षपटासारखं रोज पहिल्या घरातून सुरू करावं का? तसंही नाही, आणि त्याचं उत्तर आपल्या अंगणात आहे. भंडारा-गोंदियाच्या या मुलखात मालगुजारी तलाव आहेत, ज्यांना आज आपण मामा तलाव म्हणतो. गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजातल्या जाणकारांनी उतार पाहून, पाळ बांधून ते उभे केले. पाळ कुठे घालायची, पाणी कुठल्या बांध्यांना सोडायचं, हे निर्णय त्यांचे. आज आपण जो तांदूळ खातो त्यात ते निर्णय आहेत. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तेव्हा विदर्भ मध्य प्रदेशात होता. मालक बदलले, तलाव शासनाकडे आले. पण गावाचे पाण्याचे, चराईचे, सरपणाचे हक्क निस्तार पत्रकात आणि वाजिब-उल-अर्जमध्ये लिहिलेले होते. डाव बदलला, नोंद राहिली. ‘विझर्ड्री’च्या तिसऱ्या भागातले वंशज आठवा. त्यांना वारसा मिळाला, पूर्वजांचे गुन्हे त्यांच्या अंगाला चिकटवले नाहीत.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. परिणाम आणि दोष या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. परिणाम पुढे येतोच, तो कुणाला टाळता येत नाही. गाळ साचलेला तलाव ज्याच्या वाट्याला आला, त्यानं गाळ टाकलेला नसेल. पण गाळ काढायचं काम आता त्याचं आहे, कारण तुडुम उघडायची पाळी त्याची आहे. ही जबाबदारी पुढची आहे, मागची नाही. दोष मात्र ज्यानं केलं त्याच्यापाशीच थांबला पाहिजे. बायोवेअरवर चिडलेले खेळाडू परिणाम मागत होते. वेठबिगाराच्या मुलाला दोषातून सुटका हवी होती. दोन्ही मागण्या न्याय्य आहेत, आणि त्या एकमेकींच्या विरोधात नाहीत.

जी तरुण मंडळी हे खेळ खेळतात त्यांना एक सुचवावंसं वाटतं. पुढच्या वेळी नवा भाग सुरू करताना फाइल आणायची की नाही, असा प्रश्न पडद्यावर येईल, तेव्हा न आणताही एकदा खेळून बघा. दुसऱ्यानं भरलेल्या जगात उतरल्यावर कसं वाटतं, हे कळेल. मग आपल्या वर्गात, आपल्या गावात तसं रोज वाटणारी मुलं कोणती, तेही शोधा. व्याख्यान इथं थांबवतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.